अडीच फुटांची कामधेनू

पुण्या-मुंबईच्या माणसाने मुळशी, भोर, कर्जत किंवा मुरबाडच्या बाजूला दहा-अकरा गुंठे घेतले की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी तारेचं कुंपण, मग कुंपणाहून महाग गेट, गेटवर संस्कृत नाव, आत सात हापूस, दोन चिकू आणि एक झोपाळा. एवढं झालं की चौथ्या-पाचव्या शनिवारी झोपाळ्यावर बसल्याबसल्या लक्षात येतं की इथे आपल्याशिवाय हलणारं काहीच नाही. कुत्रा शहरातही असतो, त्याचं अप्रूप नाही. कोंबड्या आणाव्यात तर मुंगूस आणि रानमांजर सातबाऱ्यावर नाव नसतानाही हक्क सांगायला येतात. गाय हवीशी वाटते, पण खरी गाय अंगाने केवढी तरी असते, तिला शिंगं असतात आणि पाहुण्यांकडे ती ज्या नजरेने बघते त्यात आतिथ्य नसतं. नेमका अशा वेळी मोबाइलवर तो व्हिडिओ येतो. कमरेलाही न पोचणारी पांढरीशुभ्र गाय दिवाणखान्यात सोफ्याशेजारी उभी आहे, गळ्यात घुंगरू, कपाळावर कुंकू, आणि किंमत लाखात. जागा कमी लागते, चारा कमी लागतो, असं विकणारा छातीठोकपणे सांगत असतो. माझं म्हणणं असं की जागेबद्दल तो खरं बोलतो, चाऱ्याबद्दल अर्धं खरं बोलतो आणि वेळेबद्दल अवाक्षर काढत नाही. गाय आखूड मिळते, पण तिचा दिवस चोवीस तासांचाच असतो. आणि शनिवार-रविवारच्या शेतकऱ्याकडे टंचाई असते ती वेळेची. जागा तर त्याच्याकडे झोपाळ्याला पुरून उरलेली असते.

ही गाय काही कोणी प्रयोगशाळेत धुऊन आटवलेली नाही. आंध्र प्रदेशात चित्तूर जिल्ह्यात पुंगनूर नावाचं गाव आहे, तिथली ही जुनी जात. उंची साधारण सत्तर ते नव्वद सेंटिमीटर, वजन ११५ ते २०० किलो, दूध दिवसाला तीन ते पाच लिटर. जवळच पलमनेरला तिच्यासाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. केरळात कोट्टयम जिल्ह्यातल्या वेचूर गावची वेचूर गाय तिच्याच पंक्तीतली, सरासरी उंची ८७ सेंटिमीटर. तिच्यातली माणिक्यम नावाची एक गाय २०१४ साली ६१.१ सेंटिमीटर उंचीच्या जोरावर गिनीजच्या पुस्तकात गेली. पुढे २०२१ मध्ये बांगलादेशात ढाक्याजवळ राणी नावाची ५०.८ सेंटिमीटरची, सव्वीस किलोची गाय प्रकट झाली आणि तिला बघायला करोनाची टाळेबंदी मोडून हजारो लोक लोटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मेली, गिनीजची मान्यता नंतर आली. पोटफुगीने मेल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आपल्याकडे २०२४ च्या संक्रांतीला पंतप्रधान आपल्या निवासस्थानी या छोट्या गाईंना चारा घालतानाची छायाचित्रं सगळ्या देशाने पाहिली, आणि त्यानंतर चौकशांचे फोन वाढले नसतील तरच नवल. मात्र छायाचित्र बघताना एक गोष्ट सुटते. पंतप्रधानांच्या निवासस्थानी सोमवार ते शुक्रवारही माणसं असतात.

मुळात ही जनावरं लहान का झाली, याचं उत्तर फारसं गोजिरवाणं नाही. गवत निकस, ऊन कडक, पाऊस अतोनात आणि मालक गरीब, अशा मुलखात मोठं अंग पोसणं परवडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जी गाय थोडक्यात भागवून गाभण राहू शकली तिचा वंश टिकला. म्हणजे हा आकार ही त्या जमिनीची जमाखर्चाची वही आहे. तिचं त्या काळी कोणाला कौतुक नव्हतं. उलट सरकारला तिची लाज वाटायची. केरळ सरकारने १९६१ साली कायदा करून परवान्याशिवाय वळू पाळायला बंदी केली, गावठी वळू खच्ची करवले आणि परदेशी रेताने गाई सुधारायला घेतल्या. सुधारणा इतकी यशस्वी झाली की १९८० च्या दशकाअखेर वेचूर गाय शोधून सापडेना. मग १९८९ मध्ये मण्णुत्तीच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. सोसम्मा आयप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून दोन-एक डझन जनावरं कशीबशी गोळा केली आणि त्यांच्यावर जात पुन्हा उभी केली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जे जनावर एका पिढीने कायद्याने संपवलं ते पुढच्या पिढीने पदकं देऊन वाचवलं आणि तिसरी पिढी ते हप्त्यांवर विकत घेते आहे. गाईने या सगळ्यात आपली उंची एका इंचानेही बदललेली नाही.

आता चारा. ही गाय दिवसाला पाच किलो खाते, असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा असतो: पाच किलो काय? कारण हिरव्या नेपिअर गवतात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणीच असतं. पाच किलो हिरवं टाकलं म्हणजे गव्हाणीत जेमतेम एक किलो ऐवज पडला, बाकी पाणी. जनावराला वजनाच्या अडीच-तीन टक्के कोरडा चारा लागतो, तेव्हा दीडशे किलोच्या गाईला चारेक किलो कोरडा ऐवज हवाच, आणि तो सगळा हिरव्यातून द्यायचा तर वीस किलो गवत रोज कापावं लागतं. कोणी म्हणेल, मोठ्या गाईच्या मानाने हे कमीच झालं. झालं, पण वाटतं तितकं नाही. मॅक्स क्लायबर नावाच्या स्विस वंशाच्या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवून दिलं की जनावराचं वजन ज्या प्रमाणात घटतं त्या प्रमाणात त्याची भूक घटत नाही, ती मागे रेंगाळते. त्या नियमाने चारशे किलोच्या गाईऐवजी दीडशे किलोची आणली, तर वजन जवळजवळ दोन-तृतीयांशाने उतरतं नि भूक मात्र निम्म्याच्या आसपास येऊन थांबते. सोप्या हिशेबात सांगायचं तर एका मोठ्या गाईच्या वैरणीत दोन छोट्या गाई भागतील, पावणेतीन भागणार नाहीत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले जयवंत नेपिअर गुंठा-दोन गुंठ्यांत लावता येतं, ही चांगली गोष्ट; फक्त ते कापायला, कुट्टी करायला आणि गव्हाणीत घालायला रोज कोणीतरी उभं राहावं लागतं. एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की कडबा विकत आणायचा, त्याची पेंढी गाईच्या उंचीकडे बघून कोणी स्वस्तात देत नाही.

चाऱ्याहून धोक्याचा असतो तो लाड. शनिवारी पाहुणे येतात, गाय मांजराएवढी निरुपद्रवी दिसते, मग कोणी पोळी भरवतो, कोणी उरलेला भात, कोणी पुण्य म्हणून गुळाचा खडा आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका एकामागून एक पुरणपोळी. गाईच्या कोठीपोटात चारा कुजवणाऱ्या जिवाणूंची वसाहत असते. तिला गवताची सवय असते, मैद्याची नसते. एकदम पिष्टाचा मारा झाला की तिथे आम्ल वाढतं, वायू धरतो, डावी कूस नगाऱ्याएवढी फुगते आणि रात्री अकराला डॉक्टरची शोधाशोध सुरू होते. चारशे किलोच्या गाईला दहा पोळ्या हे तोंडी लावणं आहे, दीडशे किलोच्या गाईला ते जेवण आहे, आणि वासराला तर कदाचित शेवटचंच. छोट्या गाईला गोडवा जास्त असल्याने तिला भरवणारे हातही जास्त मिळतात, हा तिच्या आकाराचा असा तोटा आहे जो कुठल्याच जाहिरातीत येत नाही.

दुधाबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात. पुंगनूरच्या दुधात आठ टक्के स्निग्धांश, असं म्हणतात. असेलही, आपली म्हैस सात टक्क्यांच्या आसपास देतेच आणि तिच्याबद्दल कोणी डोळे मिटून बोलत नाही. पण टक्का खरा धरला तरी तीन लिटरचे आठ टक्के म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम. साधी संकरित गाय पंधरा लिटर दूध साडेतीन टक्क्यांनी देते, ते सव्वापाचशे ग्रॅम होतात. तेव्हा एक तर चहा प्या नाही तर तूप खा, दोन्ही एकाच गाईकडून मागू नका. वासराचा वाटा तर अजून काढलेलाच नाही, आणि या जातींत वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सुटत नाही. ए-टू नावाच्या जादूबद्दल एवढंच सांगतो की अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरून ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि पाच दिवसांनी तो आदेश मागे घेतला; ज्यावर सरकारचंच मत आठवडाभर टिकलं नाही त्यावर तुम्ही लाखभर रुपये लावू नका. खरा आकडा वेगळाच आहे. धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते. सड बोटाच्या पेरांएवढे, मूठ मावत नाही, चिमटीने काढायची. कास जमिनीपासून इतकी कमी उंचीवर की खाली उंच बादली जात नाही, तांब्या किंवा चरवी धरावी लागते, आणि काढणाऱ्याला उकिडवंही बसून भागत नाही, जवळजवळ गाईच्या पोटाखाली जाऊन विचारपूस करावी लागते. हे काम करणारा गडी वस्तीला ठेवायचा तर महिना पंधरा हजार धरा, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार झाले. वासराला पाजून दोन लिटर हाती लागलं आणि गाय वर्षातले आठ महिने दुभती राहिली तर चारशे ऐंशी लिटर. नुसत्या गड्याच्या पगारात लिटर पडलं तीनशे पंचाहत्तर रुपयांना. चारा, पेंड, औषध आणि खुद्द गाय यात नाही.

यावर दहापैकी नऊ जण म्हणतात की आम्हाला दूध विकायचं नाही, गाय दारात हवी. मान्य. पण गाय दूध देते ते व्याल्यावर, आणि विते ती गाभण राहिल्यावर, इथून पुढे कथानक फार्महाऊसच्या हातात राहत नाही. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो अठरा-वीस तास, देशी गाईत कधी त्याहूनही कमी. कित्येकींचा माज मुका असतो, हंबरत नाहीत, फक्त थोडी अस्वस्थता, थोडा सोट, चारा टाकून बघत उभं राहणं. रोज बघणाऱ्याच्या नजरेला ते दिसतं. सात दिवसांतले दोनच दिवस बघणाऱ्याच्या नजरेला ते दिसण्याची शक्यता किती, हे शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. समजा दिसलं. दवाखान्यात किंवा एखाद्या संस्थेच्या केंद्रावर कृत्रिम रेतनाची कांडी मिळते ती गीरची, खिलारची, जर्सीची, होल्स्टिनची. पुंगनूरची मिळणं दुर्मीळ. अडीच फुटी गाईला होल्स्टिनची कांडी भरली तर पोटात वासरू वाढतं बापाच्या मापाने आणि बाहेर यायचं असतं आईच्या मापातून. ते अडलं की पुढचं वर्णन विनोदी लेखात बसत नाही.

म्हणून विकणारा जोडी सुचवतो. जोडी हा शब्द लग्नाच्या मोसमात फार खपतो. पण एकाच गोठ्यातून आणलेली गाय आणि वळू बहुधा एकमेकांचे कोणीतरी लागत असतात, आणि पुढच्या वर्षी कालवड झाली की तिचा एकमेव उपलब्ध नवरा तिचा बापच असतो. इतकं जवळचं नातं जपून कुठल्याही घराण्याचं भलं झालेलं नाही. वळूचं अंग लहान असलं तरी मन वळूचंच असतं, आणि दीडशे-दोनशे किलोचा वळू मांडीच्या उंचीवरून येऊन धडकतो तेव्हा तो लघुआवृत्ती असल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही. शिवाय निम्मी वासरं गोऱ्हे होणार. कोकणातल्या खाचरात हलके बैल नांगराला चालतात, फार्महाऊसच्या पेव्हर ब्लॉकवर त्यांना काय जुंपणार? २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि जनावर पंधरा-वीस वर्षं सहज जगतं. लाखाची गाय घेणारे पुष्कळ भेटतात. तिचा मुलगा फुकट घेणारा भेटला तर त्याचे पाय धरावेत. एकच गाय ठेवू म्हणावं तर कळपातलं जनावर एकटं झुरतं, रात्रभर हंबरतं, आणि शेजारच्या संस्कृत नावाच्या बंगल्यातून तुम्हाला मराठीत फोन येतो.

खरेदीतली गंमत तर निराळीच. माळेगावच्या जत्रेत खंडोबाच्या साक्षीने जनावर घेणारा शेतकरी आधी जबडा उघडतो आणि मग तोंड उघडतो. अदंत म्हणजे अजून दुधाचे दात. दोन वर्षांच्या आसपास पुढचे दोन पक्के दात येतात तेव्हा दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि साडेचार-पाचाला जुळलेलं. त्यानंतर चाल बघतो, कास चाचपतो, शेपटी उचलतो, सगळ्याला नावं ठेवतो आणि रुमालाखाली बोटं धरून भाव करतो. फार्महाऊसचा मालक मात्र व्हिडिओतल्या गोजिऱ्या चेहऱ्यावर बयाणा पाठवतो. त्या चेहऱ्याचा जबडा उघडून बघितला तर त्यात दुधाचे दात निघू शकतात, म्हणजे गाय छोटी नसून लहान असते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती इतकी वाढते की सोफा बाहेर काढावा लागतो. कोणतीही गावठी कालवड वर्षाची असताना पुंगनूर दिसू शकते. ती तीन वर्षांची झाली की कळतं. उलट जी खरोखरच भलतीच खुजी निघते तिच्याबद्दलही एक प्रश्न विचारायला हवा. लहानपण दोन वाटांनी येतं. एक वाट जमिनीची, शेकडो वर्षांची, तीत सगळी गाय प्रमाणात लहान होते. दुसरी वाट खुजेपणाच्या एखाद्या जनुकाची. आयर्लंडच्या डेक्स्टर गाईत असा जनुक आहे. तो वाहणारे नर-मादी एकत्र आले की चारात एक वासरू गर्भातच बिघडतं आणि मेलेलं पडतं. आखूड पायांच्या हौसेखातर नुसत्या इंचांवर निवड करत गेलं की अशा गोष्टी वाट्याला येतात. सेंटिमीटरमागे भाव वाढवणाऱ्याला हे माहीत नसतं असं समजणं भाबडेपणाचं होईल.

औषधपाण्याचं थोडक्यात. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी यांच्या साथी उंची मोजून येत नाहीत. लसी सगळ्या, जंतनाशक वेळच्या वेळी, गोचीड बारा महिने, कानात बारा आकडी बिल्ला. डॉक्टर मोटारसायकलवरून येतो ते अंतर मोठ्या गाईसाठी जेवढं असतं तेवढंच.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की अहो, निदान देशी वंश तर वाचतो. हौशी लोकांनी पैसे मोजले नसते तर पुंगनूर आज राहिली नसती, असं मानणारे जाणकारही आहेत, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. भाव आला की शेतकरी जनावर सांभाळतो. पण वंश वाचतो तो नोंदींनी, निवडीने आणि निरनिराळ्या रक्ताच्या वळूंनी. चित्तूरची चांगली कालवड उचलून मुळशीत एकटी बांधली, तिला वळू मिळाला नाही, ती भाकड झाली, की जातीच्या खात्यातून एक मादी वजा झाली आणि फोटो मात्र दोनशे जमा झाले. वेचूर जगली तीही घरोघरच्या एक-दोन गाईंमुळेच, हे कोणी दाखवून देईल. बरोबर, आणि माझा मुद्दा त्यातच आहे. केरळातल्या त्या परसबागा दहा-वीस गुंठ्यांच्याच असतात, पण परसामागे घर असतं, घरात म्हातारी असते, म्हातारी पहाटे पाचला उठते आणि गाईने रात्री चारा टाकला की नाही हे तिला दात घासायच्या आत कळतं. तिथे छोटी गाय चपखल बसते. क्षेत्र तेवढंच, गाय तीच, बदललं ते फक्त कुलूप.

मुलांना निसर्ग कळतो, हाही आक्षेप प्रेमाने घेतला जातो. मुलांना जे कळतं ते असं की गाय नावाची वस्तू शनिवारी धुतलेली असते आणि तिच्या शेणाचं बघायला एक काका असतात. खऱ्या निसर्गशिक्षणासाठी पोराच्या हातात खराटा द्यावा लागेल, आणि ते धैर्य ज्या आईबापांत आहे त्यांनी खुशाल गाय आणावी. शेणाचा मुद्दा मात्र मी हरतो. छोटी गाय रोज पाचेक किलो शेण टाकते, वर्षाला पावणेदोन-दोन टन ओलं, कुजून निम्म्याच्या आसपास. हेक्टरी दहा टनांच्या हिशेबाने दहा गुंठ्यांना एक टन शेणखत पुरतं. म्हणजे एक अडीच फुटी गाय आणि दहा गुंठे यांचं गणित खताच्या बाबतीत देवाने जुळवून दिल्यासारखं जुळतं. फक्त त्या दहा गुंठ्यांत काहीतरी पिकत असलं पाहिजे. झोपाळ्याला शेणखत लागत नाही.

आणि आकाराचीच हौस असेल तर आंध्रापर्यंत जायचं कारण काय, हे मला उमगत नाही. कोकणात आणि गोव्यात कोकण कपिला नावाची नोंदणीकृत देशी जात आहे. अंगाने आटोपशीर, चार महिने धो-धो पावसात उभी राहणारी, वरकस जमिनीवरच्या गवतावर भागवणारी, डोंगरउतारावर शेळीच्या वाटेने चढणारी. दूध दोनेक लिटर, म्हणजे फार्महाऊसच्या चहापुरतं. तिच्यात उणं एवढंच की ती अडीच फुटांची नाही, सोफ्यावर शोभत नाही, तिचा व्हिडिओ कोणी काढत नाही, आणि भातकापणीनंतर ती मुंबई-गोवा महामार्गाच्या मधोमध रवंथ करत बसलेली फुकटात दिसते. जे फुकटात दिसतं त्याला आपण भटकी गुरं म्हणतो, लाखात दिसतं त्याला दुर्मीळ वंश. राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी सगळ्याच देशी गाईंना राज्यमाता-गोमाता म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून कपिलाही कागदोपत्री तेवढीच पूज्य आहे. गाईमागे रोज पन्नास रुपयांचं अनुदान गोशाळांना आहे, फार्महाऊसना नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तेव्हा निकाल असा: जो त्याच जागी झोपतो आणि उठतो त्याने छोटी गाय जरूर पाळावी, त्याला ती शोभते आणि परवडतेही. बाकीच्यांना एक विनंती आहे. येत्या जुलैत सलग पंधरा दिवस सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला फार्महाऊसवर हजर राहून दाखवा, चिखलासकट. जमलं तर वस्तीला राहणाऱ्या गड्याचं घर आधी बांधा, गोठा नंतर. मग ओळखीच्या डॉक्टरला सोबत नेऊन दात बघून घ्या, आणि जोडीच्या फंदात न पडता एकाच मुलखातल्या, वेगवेगळ्या गोठ्यांतल्या दोन कालवडी आणा. पंधरा दिवस जमले नाहीत, तर गावातल्या ज्या घरी गाय आहे तिथे शनिवारी दूध सांगून ठेवा. सांगतील तो भाव द्या, घासाघीस करू नका.